जादा ब्रेक

माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो.
शिकणाऱ्याला तो दिसत नाही, पण ठाऊक असतो.
तेवीस वर्षं मी पगार घेते
तो न दाबण्याचा.

उवाजिमाच्या या शाळेत
क्लचच्या गाड्या दोनच उरल्यात.
निशिझावा म्हणतो, हात्सुए-सान, भंगारात घाला त्या,
डाव्या पायाला आता कामच काय?
तो सव्वीस वर्षांचा. त्याच्या गाडीला किल्लीसुद्धा नाही.
मी म्हणते, बरं.
वाद घालायचा तर गिअर बदलावा लागतो,
आणि चढावर मी तो बदलत नाही.

सायोको आली ऑक्टोबरात, संत्री पिवळी पडू लागताना.
तिच्या परवान्यावर नाव, पत्ता,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत :
फक्त ऑटोमॅटिक.
ओसाकातल्या वीस वर्षांत
ती ओळ तिला कुठेच टोचली नव्हती.

आता वडील एक्क्याऐंशीचे.
आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेले,
परवाना काउंटरवर ठेवला, वाकून नमस्कार केला.
बदल्यात एक कार्ड मिळालं :
या गृहस्थांनी एके काळी गाडी चालवली होती,
अशा काहीशा अर्थाचं.
ते दाखवलं की बसचं तिकीट अर्धं.
बस दिवसातून चारदा.

आणि शेडमध्ये तो पांढरा छोटा ट्रक,
पाच गिअरचा, संत्र्यांच्या पेट्यांचा वास मुरलेला,
ज्याला कायद्याने ती हात लावू शकत नव्हती.

अट काढायला चार तास लागतात.
कमीत कमी चार. नियमच आहे.

पहिल्या तासाला गाडी अकरा वेळा बंद पडली.
दर वेळी ती माफी मागायची,
माझी नाही, गाडीची.
क्लचवर पुस्तकात चार पानं आहेत, आकृतीसकट.
मी एवढंच सांगते :
सोडायचा, पण सोडून द्यायचा नाही.
मधे एक जागा येते, गाडी अंगभर शहारते,
तिथे थांबायचं.
किती वेळ? तिने विचारलं.
पुस्तकात ते नाही.

दुसऱ्या तासाला कुंपणापलीकडच्या बाकावर
एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले, टोपी गुडघ्यावर.
अकराच्या बसने आले असणार.
तिने पाहिलं नाही. मी पाहिलं.
ती गिअर बदलायच्या निमिषभर आधी
त्यांचा डावा पाय खडी दाबायचा,
आणि मग हळू, फार हळू, वर यायचा.
गाडी बंद पडली की ते टोपी फिरवायचे.

तिसरा तास चढाचा.
चढ म्हणजे सिमेंटचा उंचवटा, दोन माणसांएवढा.
या गावातल्या बागांच्या वाटा पाहिलेल्याला
हसू यावं असा.
तिने हँडब्रेक सोडला आणि गाडी मागे घसरली.
वीतभर.
माझा पाय ब्रेकवर होता.
नुसता होता.
आणखी अर्धी वीत.
मी कुंपणाकडे पाहिलं.
त्यांचा पाय वर येत होता, टाच जमिनीला टेकवून,
म्हटलं, घाई नाही दिसत.
मी पाय काढून घेतला.
गाडी शहारली.
तिने ओठ चावला, आणि ती थांबली त्या जागी,
जितका वेळ पुस्तकात नाही तितका वेळ,
आणि आम्ही वर गेलो.

चौथ्या तासाला विशेष काही झालं नाही.

अट काढतात म्हणजे खोडत नाहीत.
समोरची ओळ तशीच राहते,
मागे आणखी एक ओळ छापतात
की समोरची ओळ आता धरू नये.
सायोकोने कार्ड दोनदा उलटंपालटं केलं.
माणसांनाही अशी मागची बाजू असती, म्हणाली,
आणि पुढे काही बोलली नाही.

डिसेंबरात ट्रक फाटकाशी आला.
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना किंचित कुरकुरला.
शेजारच्या सीटवर टोपी घातलेले वडील,
दोन्ही हात मांडीवर, नजर समोर.
पेटी उतरवून ती निघाली.

निशिझावाने उभ्या उभ्या सहा संत्री खाल्ली.
साल खिशात टाकत म्हणाला,
काही म्हणा, पुढच्या वर्षी विजेचे ट्रक येतील.
येतील, मी म्हटलं.
सातवं संत्रं त्याला सोलून दिलं.