अर्धा तोळा

ऑक्टोबर. ग्रिम्सबीच्या खालचा किनारा, पहाट.
जाळीत अडकलेला गोल्डक्रेस्ट
डोरीन कॉपल दोन बोटांत मान धरून सोडवते.
चाळीस वर्षं तिनं मासळीच्या धक्क्यावर
कॉडची वजनं मांडली, टनांत.
आता कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत
पक्षी उलटा घालते, शेपटी वर,
आणि काटा वाचते: पाच पूर्णांक एक.
“लिही.”

मी ग्रॅम लिहितो. मनात तोळे-मासे.
आईच्या कुड्या याहून जड होत्या.

मग छातीवरच्या पिसांवर ती फुंकर घालते,
भाजल्या शेंगदाण्यांची सालं उडवावी तशी.
कातडीखाली पिवळी चरबी असायची,
तिथे नुसता लाल स्नायू.
“सगळी जाळली. नॉर्वेपासून.”
रात्रभर खाली पाणी, टेकायला जागा नाही.

मी रेडिओग्राफर. इतकी पोकळ हाडं
माझ्या फिल्मवर आली असती
तर धावत डॉक्टर गाठला असता.
इथे हीच तब्येत.

“पण एवढ्याशा जिवाचा उपयोग काय?”
विचारलं, आणि लाजलो.
डोरीननं हनुवटीनं स्प्रूसची झाडं दाखवली.
“माव्याला विचार. दिवसाला स्वतःच्या वजनाएवढा
वेचून खातो. नाहीतर मरतो.”

पायात कडी, कडीवर नंबर.
माझ्या उघड्या तळव्यावर तो बसूनच राहिला,
डोक्यावरची पिवळी रेघ वाऱ्यानं विस्कटलेली.
डोरीन पुढच्या पिशवीकडे वळलीसुद्धा.

गेला तेव्हा हात हलका झाला नाही.
गार झाला.