वयाचा रकाना

तेव्हा आमच्याकडे कायदा नवा होता,
खुर्च्या जुन्या.
पाठीवरचा इंग्रजी मुकुट
शिपायानं चाकूनं खरवडून खरवडून
त्याचं वांगं केलं होतं.
त्या वांग्याला पाठ टेकून मी बसायचे,
चोवीस वर्षांची प्रोबेशन अधिकारी,
सोलापूरचं ऊन डोक्यात घेऊन
सायकलवरून साखर पेठेत जाणारी.
पोरं मागून ओरडायची, "फोटोवाली आली!"
फोटोवाली का, ते मला कधीच कळलं नाही.

अंबय्या नरसय्या येमूल.
गुन्हा : सुताच्या चार कांड्या,
गिरणीच्या फाटकातून
सदऱ्याखाली पोटाला बांधून नेताना.
धर्म, जात, बापाचा धंदा, आईचा धंदा,
खोल्या किती, खाणारी तोंडं किती,
सगळं भरून झालं.
वय तेवढं राहिलं.

आई म्हणाली, गड्ड्याच्या यात्रेत
ज्या साली पाळणा मोडला
त्या साली झाला.
पाळणा कधी मोडला, हे पोलिसांनाही ठाऊक नव्हतं.
डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले,
बाजारात बैलाचे पाहतात तसे.
म्हणाले, सोळा. वरच असेल, कमी नाही.

सोळा म्हणजे मोठ्यांचं कोर्ट,
मोठ्यांची कोठडी, मोठ्यांचे हात.
मी दौत पुढं ओढली
आणि लिहिलं : चौदा.
देशाला तेव्हा सातवं लागलं होतं.
त्याचे दात कुणी पाहत नव्हतं.

त्या रात्री मला छान झोप लागली.

चौदाचा म्हणून तो आत राहिला,
अठराचा होईपर्यंत, कागदावरच्या अठराचा.
सकाळी आठला परदेशी भुकटीचं दूध,
गुठळ्या बोटानं काढून भिंतीला लावायचा.
दुपारी रंधा.
त्यानं केलेलं पहिलं स्टूल डुगडुगायचं,
ते मी माझ्या टेबलाशी ठेवून घेतलं.
त्रैमासिक अहवालात लिहिलं :
प्रगती चांगली.

तिसऱ्या गृहभेटीला
दारात पोशव्वा बसली होती, त्याची धाकटी,
नऊ वर्षांची.
मांडीवर सूप, पत्र्याचा साचा,
कात्री तिच्या पंजापेक्षा मोठी.
ओल्या पानांच्या चळतीवर
ती उडू नयेत म्हणून
तिची शाळेची पाटी ठेवलेली.
पाटीवर अजून सातचा पाढा होता,
एकोणपन्नासपर्यंत.

मी आईकडं पाहिलं.
ती बिडीचं तोंड नखानं मुडपत म्हणाली,
"एक हात तुम्ही नेला, बाई.
शनिवारी कारखान्यात हजाराचा हिशेब द्यायचा,
मग दुसरा कुठून आणू?"

छापील कागदावर प्रश्न होते मुलाबद्दल.
घराबद्दल होते. दारूबद्दल दोन होते.
पोशव्वासाठी जागा नव्हती.
समासात लिहिता आलं असतं.
समासात लिहू नये, असं वर छापलं होतं,
आणि मी नवी होते,
आणि मला ते लिहिणं सुचलं नाही,
यातलं खरं कोणतं
ते आता सांगता येत नाही.

परवा अंबय्या घरी आला.
नगरपालिकेतून रिटायर झालेला,
पाणीपुरवठा खातं, सुतार.
हातात पेढ्याचा पुडा, तोंडात दोनच दात.
म्हणाला, "बाई, तुमच्या दाखल्यावर लागलो,
तुमच्याच दाखल्यावर सुटलो.
खरं वय लावलं असतं
तर दोन वर्षं आधीच घरी बसवलं असतं.
आत घेतलेली दोन वर्षं
तुम्ही पगारासकट परत दिलीत."
आणि मोठ्यानं हसला.
मीही हसले.
चहा ओतताना विचारलं,
"पोशव्वा कशी आहे?"

त्यानं बशी खाली ठेवली.
"आहे. डोळ्याला दिसत नाही आता.
पानं सोडून वीस वर्षं झाली,
पण झोपेत बोटं चालतात, बाई.
चादरीचा काठ दुमडत राहते,
दुमडते, मुडपते, बाजूला ठेवते.
आम्ही उठवत नाही."