दोन गुणांचा फरक

पुनाळेकर मॅडमचा नियम: एक मूल, दोन डॉक्टर,
गुण स्वतंत्र द्यायचे, एकमेकांकडे बघायचं नाही.

प्रश्न चौदा.
गेल्या दोन आठवड्यांत
कशातच मन लागत नाही, असं झालं का?

बैंगनवाडीहून मावशीसोबत आलेला, दहा वर्षांचा.
म्हणाला, "मन कशाला लावायचं असतं?"

अल्मेडाने लिहिलं शून्य. प्रश्न कळला नाही.
मी लिहिले दोन.

ओपीडी संपल्यावर दोन्ही कागद शेजारी शेजारी.
फरक कुठून आला, सांगा.
मी म्हटलं, चपलेचा अंगठा तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली,
आणि ती पिन तो सगळा वेळ
उघडत होता, मिटत होता.
मॅडम म्हणाल्या, पिनेला रकाना नाही.
चष्मा पुसून झाल्यावर म्हणाल्या,
समासात लिहून ठेव. पेन्सिलने.

तक्त्यात तो आता सदतीस नंबर.
चौदाव्या प्रश्नाला एक गुण,
आमच्या दोघांच्या तडजोडीचा.

पुढच्या गुरुवारी आला तर पायात नवी चप्पल,
पिन शर्टाच्या खिशाला.
मी कागद उलटते आहे तेवढ्यात
त्यानेच विचारलं,
"तुमचं लागतं का, इथे?"

अल्मेडाने पेनाला टोपण लावलं.