पान एक्केचाळीस

तीनशे प्रती छापल्या. त्यांतल्या सत्तर
पणजीच्या सभागृहात एका संध्याकाळी खपल्या,
खपल्या म्हणजे वाटल्या.
शाल मिळाली, नारळ मिळाला.
अध्यक्ष वीस मिनिटं बोलले
मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून.
'तरल' म्हणाले. मग चहा.

उरलेल्या घेऊन मी हिंडले.
म्हापशाच्या दुकानात पाच, उदबत्त्यांच्या मागे.
डिचोलीच्या वाचनालयाला दोन.
फोंड्याच्या भाचीनं दहा नेल्या,
ऑफिसात वाढदिवसाला द्यायला बऱ्या पडतात म्हणाली.
रात्री वहीत नावं लिहायची:
ह्यांनी वाचलं असेल का.
हिचा चष्मा मोडलाय, मार्चपासून.

लिहिताना माझ्यासमोर एक बाई बसलेली असे.
सुती साडी, खिडकीची जागा, हातात पेन्सिल.
पुण्याची असावी.
तिला सगळं न सांगता कळायचं.
तिच्यासाठी मी कितीदा
चांगलं वाक्य खोडून जास्त चांगलं लिहिलं.
ती काही आली नाही.

आलं ते विजेचं एक जुनं बिल,
चार घड्या घातलेलं.
रायबंदरच्या धक्क्यावर फेरीच्या खलाशानं हातात दिलं:
'बरोवपी बाय तुमीच न्हय?'
बिलाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:

पान ४१. पुनवेच्या तिन्हीसांजेला
तुम्ही नदी भरून आणली आहे.
तेव्हा सुकती असते.
बाकी बरोबर.
शाबी वायंगणकर, मानशीवर, चोडण.

रागच आला आधी.
मग पुनव आली, तशी धक्क्यावर जाऊन उभी राहिले.
चंद्र अगदी माझ्या वाक्यातल्यासारखा वर येत होता
आणि खाली नदी पार आटलेली,
चिखल, खेकड्यांची बिळं,
कुशीवर कललेली एक होडी.
तीस वर्षं ह्याच काठावर राहते मी.
चंद्र बघताना खाली बघितलं नव्हतं.

तीनच दिवसांनी फेरीनं पलीकडे गेले.
खाजनाचा बांध संपतो तिथे मानस:
लाकडी झडपा, दगडी खांब, बाजूला झावळ्यांची खोप.
भरतीला नदीच झडपा लोटून बंद करते,
सुकतीला आतलं पाणी त्या उघडतं.
शाबी म्हणाला, आपण ओढायला जायचं नाही.
आपण फक्त जागं राहायचं.

पुस्तक युरियाच्या पिशवीत गुंडाळलेलं.
डिचोलीच्या वाचनालयाचा शिक्का,
चार महिने उलटून गेलेली तारीख.
लेकीनं आणलं होतं, त्यानंच ठेवून घेतलं.
पानांना रॉकेलचा वास,
त्रेसष्टाव्या पानावर माशाचं खवलं,
वाळून काचेसारखं.
'आवडलं' वगैरे तो काही बोलला नाही.
जाळं बांधता बांधता विचारलं,
त्रेसष्टावरची ती बाई, घोव सोडून निघते ती,
'मागीर ती खंय गेली?'

मला माहीत नव्हतं.
मी तिला दारातून बाहेर काढलं होतं
आणि प्रकरण संपवलं होतं.
ते सांगितलं. तो हसला नाही.
'रातचें गेलां ती,' म्हणाला. 'फेरी बंद आसतली.'

मग पाणी सुटलं.
झडपा कुरकुरल्या, जाळं फुगलं,
कंदिलाच्या उजेडात शेवटे चमकून गेले,
आणि आम्ही दोघं उकिडवे बसून
एका बाईला रात्रीची नदी ओलांडायला
कुठली वाट आहे, ते शोधत राहिलो.

दंड मी भरते, म्हटलं निघताना.
नको म्हणाला. अजून एकदा वाचायचंय,
परत केल्यावर तो भरेल.

घरी एकशेबारा प्रती उरल्यात.
रोज थोड्या काढते,
एक्केचाळीसाव्या पानावर भरती खोडते,
वर बारीक अक्षरात लिहिते सुकती.
पेन्सिल झिजलीय.
त्रेसष्टाव्या पानाशी हात थांबतो,
तिथे समासात जागा फार कमी आहे.