ताशी दर

दोन तासांचे बाराशे, चार सशांचे.
पर्वरीच्या पलीकडे पेट्रोल वेगळं.
पिंजरा, चटई, प्लास्टिकच्या हिरवळीचा तुकडा आमच्याकडून.
गाजर देऊ नका, असं कार्डावर छापलंय;
गाजर सगळेच देतात.

उन्हाळ्यात मी पिंजऱ्यात
गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवते, टॉवेलात गुंडाळून.
चौघं तिला बिलगून बसतात,
जणू ती पाचवी.
हे चांगुलपणा म्हणून सांगत नाही.
मेलेला ससा भाड्याने जात नाही.

रायबंदरला फेरीबोटीत
फडकं वर करते, वारा जावा म्हणून.
कोणीतरी विचारतंच: किलोला कसे?
मी हसते. वाढदिवसाचे आहेत, म्हणते.
म्हणजे जिवंत परत आणायचे?
पलीकडचा धक्का येईपर्यंत
माझ्यापाशी उत्तर नसतं.

पर्वरीला सातव्या मजल्यावर अठरा मुलं.
फुगा फुटला तेव्हा
करड्याने मागचा पाय आपटला,
एकदाच, ठाम,
जमिनीखालच्या भावंडांना कळावं म्हणून.
खाली सहावा मजला होता.
तिथे कोणी बिळात शिरलं नाही.

एका आईने त्याला मांडीवर उताणा घेतला.
तो गळून पडला, डोळे उघडे.
अय्या, झोपला बघा!
फोटो निघाले, मलाही पाठवले,
मी ते जाहिरातीत लावले.
ससा असा झोपत नाही.
कोल्ह्याच्या तोंडात तो असा होतो.
मला ठाऊक आहे.
कार्डावर नाही.

बुधवार चोडणचा.
एवफ्रेजिनाबाय, कोळंबी सोलण्याच्या कारखान्यातून निवृत्त,
बोटांची टोकं अजून पांढरी.
पैसे जावई कुवेतहून भरतो, महिन्याचे एकदम,
सोबत एक ससा, दोन तास, फक्त करडा.
त्याला ती मिंगेल म्हणते.
उचलत नाही.
भुईवर पाय पसरून तांदूळ निवडते.
तो येतो, कधी येत नाही.
आला तर घोट्याशी बसतो
आणि दात बारीक वाजवतो,
दुसऱ्या कुणाकडे मी ऐकलं नाही तसे.

मे महिन्यात पर्वरीहून परतताना
पुलावर ट्रक बंद पडला.
पिंजरा आडवा, वाट निघेना.
चाळीस मिनिटं.
बाटलीतलं पाणी कोमट झालं.
तिघं वाचले.

बुधवारी दुसरा करडा नेला,
म्हापशाच्या बाजारातला, तसाच, अगदी तसाच.
तिने चष्मा पुसला.
'हो मिंगेल न्हय.'
मी म्हटलं, तो सुटीवर आहे.
ती तांदळात खडा शोधत राहिली.
'सुटी? पगारी?'

मला हसू आलं, मग आलं नाही.
बाराशेतून पेट्रोल वजा, चारा वजा,
सहा वर्षांचा हिशेब माझ्या वहीत आहे,
त्यात त्याच्या नावावर काय?
भूक लागू नये एवढा घास.
तेवढा तर कसाईही देतो, आदल्या दिवसापर्यंत.

निघताना ती म्हणाली,
पुढच्या बुधवारी पिंजरा नको.
तू ये. दर तोच.

गेले.
का ते विचारू नका; पैसे आधीच भरलेले होते.
चटईच्या कडेला बसले, पर्स मांडीवर,
हात कुठे ठेवावेत कळेना.
तिने बोलावलं नाही.
सूप हलत होतं, खडे ताटलीत टिणकन पडत होते.
तासाभराने मीच सरकले जवळ,
मूठभर तांदूळ घेतले.
तिने माझ्याकडे पाहिलंही नाही,
आणि इतक्या दिवसांत प्रथमच
माझे खांदे खाली आले.

रविवारी कांदोळीचं बुकिंग आहे.
डीजे असेल, असं त्यांनी आधीच कळवलंय.
माणसं चांगली आहेत.
मी हो म्हटलं.
रात्री फ्रीजरमध्ये
दोन बाटल्या ठेवल्या.