विहिरीचं झाकण

हेल्वेबाई सकाळच्या बोटीनं बेटावर आल्या,
बुटांवरचा बर्फ दारात झटकला
आणि चहाला नको म्हणत म्हणाल्या,
आधी विहीर दाखवा.

आम्ही घर लख्ख केलं होतं. पडदे, तावदानं,
कपाटावरची धूळसुद्धा, जिथे कुणी बघत नाही.
विहिरीचा विचार केला नव्हता.
मूल नसलेल्या घरात विहीर म्हणजे नुसतं पाणी.

मग चौदा पानं.
लहानपणी तुम्हाला कोण रागवायचं?
भांडण झालं की आधी कोण बोलतं?
राहिली नाहीत त्या बाळांबद्दल
एकमेकांशी बोलता का?
(ऊर्मास उठून चुलीत लाकूड घालून आला.
चुलीत लाकूड होतं.)
राग आला की काय करता, यापुढे त्यानं लिहिलं:
सरपण फोडतो.
हेल्वेबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं,
वळचणीला टेकलेली रास,
आणि काही न बोलता पान उलटलं.

शेजारणी म्हणायच्या, बरं आहे बाई, कळा नाहीत.
नाहीत कशा?
दोन वर्षं चार महिने.
डॉक्टरांचा दाखला, पोलिसांचा, बँकेचा;
तिसरा हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली.
शनिवार-शनिवार तालिनला वर्ग.
तिथल्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
तुम्ही मूल शोधायला आला नाहीत.
मुलासाठी घर शोधलं जातंय. तुम्ही उमेदवार.

आमच्या भाषेत दत्तकाचा शब्द
लेकरू या शब्दालाच फुटतो.
लेकरावणं, असं काहीसं.
कुणी कुणाला लेकरावायचं, ते शब्द सांगत नाही.

फोन आला तेव्हा हात खवल्यांनी भरलेले,
कोपरानं उचलला.
मुलगा. पाच वर्षांचा. नार्वाचा. रशियन बोलतो.
मी म्हटलं, हो.
मग विचारलं, नाव काय?

ल्योवा पहिल्या भेटीत माझ्याशी नाही,
माझ्या हातमोज्याशी बोलला.
तिसऱ्या भेटीत मान वर न करता विचारलं,
तुमच्याकडे रात्री कोण असतं?
शाळेत नाइलाजानं शिकलेलं रशियन
गंजल्या कुलपासारखं फिरवत मी म्हटलं,
आम्हीच.
आणि ड्यूटी बदलली की?
बदलत नाही.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मोठी माणसं थापा मारणाऱ्या पोराकडे पाहतात.

बोटीवर तो कठड्याला धरून उभा.
हे जहाज परत जातं का?
रोज जातं, म्हटलं, आणि जीभ चावली.
पण परतीची वाट आहे म्हटल्यावर
त्यानं कोट काढला.
सॉसेज मागितलं.

कुरेसारेच्या कोर्टानं नवा जन्मदाखला दिला.
आईच्या रकान्यात मी.
जणू त्या मार्चातल्या रात्री
नार्वाच्या इस्पितळात मीच ओरडले होते.
सही करताना तळव्याला घाम सुटला,
तो माझा नव्हता.
गालिना.
पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून लिहून ठेवलंय,
तो विचारेल तेव्हा शोधाशोध नको.

त्याच्या खणात पावाचे तुकडे असतात.
काढायचे नाहीत, हे वर्गात शिकवलं होतं.
उंदीर येतात, हे शिकवलं नव्हतं.
रविवारी मी शिळे काढून तितकेच ताजे ठेवते.
तो मोजतो.

काल हेल्वेबाई पुन्हा आल्या, पाहणीला.
या वेळी चहा घेतला, बिस्किटही.
ल्योवा दारात बूट घालून थांबलेला.
त्यांना पुढे घालून न नेता स्वतः पुढे चालला,
विहिरीच्या झाकणावर चढला,
दोनदा जोरात उडी मारली.
घट्ट आहे, म्हणाला, मोडक्या एस्टोनियनमध्ये.
मग त्यांच्या वहीकडे बोट केलं:
लिहा.