हनुवटीची उंची

ओरिन हॉगनच्या दुकानात शिरताना
बुटांवरचं बर्फ दाराशीच झटकावं लागतं,
नाहीतर तो काही विकत नाही.
मी झटकलं. म्हटलं, स्पीड बॅग हवीय. पहिलीच.
कुणासाठी?
मुलासाठी, असं सांगायचं घरून ठरवून आले होते.
माझ्यासाठी, म्हटलं.
त्याने चष्मा कपाळावर चढवला.

काचेमागे एक टांगलेली होती,
लालचुटूक, मुठीहून थोडीच मोठी.
माझा जीव तिच्यातच अडकला.
ती माशी आहे, ओरिन म्हणाला,
माशीला गाठायचं तर हात आधी डोळ्याहून शहाणा लागतो.
आणि खालच्या फळीवरून त्याने काढली
एक थोराड, तपकिरी, भोपळ्याच्या कुळातली.
ही आळशी आहे.
मास्तर आळशीच बरा नवशिक्याला,
चूक कळेपर्यंत थांबतो तरी.

खांदा का धरून उभी आहेस, त्याने विचारलं.
बावीस वर्षं शाळेची बस,
उजवा हात दाराच्या दांड्यावर,
रोज दोनशे वेळा उघड, दोनशे वेळा मीट.
डॉक्टर म्हणतात, खांदा गोठलाय.
डुलुथमध्ये बंदरही गोठतं,
पण मार्चमध्ये तिथे बर्फफोडं जहाज येतं.
ओरिन हसला नाही.
डॉक्टरांना विचारलंस ना, एवढंच.
विचारलं होतं. हळूहळू, म्हणाले.

मग शिवणीवर नख फिरवून दाखवलं,
आतला फुगा दाबून दाखवला,
हवा भरायची सुई आधी ओली कर, म्हणाला,
कोरडी खुपसलीस तर पहिल्याच दिवशी पंक्चर.
हाताच्या पट्ट्या लांब घे, मनगट झाकणाऱ्या.
महागडे हातमोजे मी उचलले, ते त्याने
माझ्या हातून काढून परत खुंटीला लावले.
पैसे वाचव ते इथे.
फिरकीवर नको.
फिरकी त्याने कानाशी धरून फिरवली,
डोळे मिटून,
वाळू नाही ना आत, हे ऐकत.
दुकानात तेवढा वेळ हीटरसुद्धा गप्प वाटला.

आणि शेवटी घडीची पट्टी काढून
सरळ माझ्या हनुवटीला लावली.
बॅगचं पोट इथे आलं पाहिजे. इथेच.
भिंतीवर खूण कर, अंदाजाने टांगू नकोस.

तळघरात खांब एकच आहे धड,
बाकीचे नुसते उभे आहेत.
फळी तिथेच ठोकायची, हलता कामा नये,
हलली तर अर्धा ठोसा घरच खातं.
पेन्सिल घेऊन मी खांबाला टेकले,
हनुवटीशी रेघ ओढली,
वळून पाहिलं तर तिथे आधीच एक रेघ होती.
तुओमास, अकरा वर्षं.
त्याच्या वर बारा, तेरा,
आणि पंधराची अगदी छताजवळ, घाईत, वाकडी.
तो आता लोहखनिजाच्या बोटीवर असतो,
दर रविवारी फोनवर वाऱ्याबद्दल बोलतो.

फळी बसवली. चार स्क्रू. एक तिरका गेला, जाऊ दे.
अकराच्या रेघेवर तपकिरी पोट लोंबू लागलं.

एक मार, मग तीन आवाज,
मागे, पुढे, मागे,
आणि तेव्हाच पुन्हा मार, ओरिनने सांगितलं होतं.
मी बाबांच्या आकड्यांत मोजायला घेतलं,
यक्सी, काक्सी, कोल्मे,
गोदीतली पोती मोजताना ते असेच मोजायचे.
कोल्मेच्या आधीच माझा हात पुढे गेला.
बॅग नाकावर आली, चांगली.

शेजारच्या ब्रेंडाने खिडकीतून विचारलं, काय पडलं?
काही नाही, म्हटलं,
आणि हसताना कळलं की हात
डोक्यापर्यंत गेलाय नाक चोळायला.
उजवा.

पुन्हा.
यक्सी. काक्सी.
थांब जरा. थांब.